लेखनिकाची नजर आणि गुणसूत्रातली गल्लत

नेवाशाला गेलात तर ‘पैस’ खांब तुम्ही पाहालच. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी येथे ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. तेव्हा छापखाने नव्हते. पोथीवरून पोथी उतरवावी लागे. हळूहळू इतके पाठभेद शिरले, की शके १५०६ मध्ये एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली.

हाताने नक्कल करताना एक चूक हमखास होते. एकच शब्द पानात दोन ठिकाणी असला, की लेखनिकाची नजर पहिल्याऐवजी दुसऱ्यावर पडते आणि मधला मजकूर गळतो. कधी उलट होऊन तोच मजकूर दोनदा उतरतो.

आपल्या पेशींतील डीएनएची पोथी सुमारे ३०० कोटी अक्षरांची आहे, आणि तिचा जवळजवळ निम्मा भाग पुनरुक्तीचा! ‘अलू’ नावाचा सुमारे ३०० अक्षरांचा एकच तुकडा तीत दहा लाखांहून अधिक वेळा येतो. बीजपेशी तयार होताना जोडीची दोन गुणसूत्रे शेजारी येतात, सारख्याशी सारखा भाग जुळवतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. सारखे तुकडे अनेक असले, की जुळणी चुकण्याचा संभव आलाच.

सोळाव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनची दोन जवळजवळ सारखी ‘अल्फा’ जनुके शेजारी शेजारी आहेत. एका गुणसूत्राचे पहिले जनुक दुसऱ्याच्या दुसऱ्या जनुकाशी जुळले, तर अदलाबदलीनंतर एका गुणसूत्रावर एकच अल्फा जनुक उरते, दुसऱ्यावर तीन होतात. पहिल्यातून सुमारे ३,७०० अक्षरे गळालेली असतात. पश्चिम भारतातील अनेक आदिवासी समाजांत हे गळलेले रूप आढळते. गंमत अशी, की सिकलसेल असलेल्या रुग्णाला ते मिळाले तर त्याचा रक्तक्षय बहुधा सौम्य होतो. म्हणजे प्रत्येक चूक घातकच असते असे नाही.

पण दुसरी चूक घातक आहे. कागदाची एक पट्टी घ्या. तिच्यावर दोन बाण काढा, एक डावीकडे, दुसरा उजवीकडे तोंड केलेला. आता पट्टी मधोमध दुमडा. बाण एकमेकांवर एकाच दिशेने बसतील. दोन्ही बाणांवर पट्टी कापा, मधला तुकडा उलटा फिरवा आणि पुन्हा चिकटवा. बाण पूर्वीसारखेच दिसतात, मधला मजकूर मात्र उलटा झाला!

रक्त गोठवणाऱ्या ‘घटक आठ’चे जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. त्याच्या पोटात सुमारे ९,५०० अक्षरांचा एक तुकडा आहे आणि जनुकाबाहेर, दूरवर, त्याच्या दोन प्रती. या प्रतींशी तो जुळला, की २६ सार्थ खंडांपैकी पहिले २२ उलटे फिरतात व उरलेल्या चारांपासून तुटतात. घटक आठ तयार होत नाही. तीव्र हिमोफिलिया ‘ए’च्या शंभरातील चाळीसहून अधिक रुग्णांत हीच उलटापालट असते, हे १९९३ पासून उमगत गेले.

ती घडते बहुतेक पुरुषांच्या बीजपेशींत. स्त्रीमध्ये एक्सला जोडीदार एक्स असतो. पुरुषामध्ये जोडीला वाय, आणि तो टोकांपुरताच जुळतो. एकटा पडलेला एक्स मग स्वतःवरच दुमडतो. आजोबा धडधाकट, त्यांच्या एका शुक्रपेशीत ही गल्लत. ती घेऊन जन्मलेली मुलगीही सहसा निरोगी. आणि तिच्या मुलाचा गुडघा रक्तस्रावाने सुजतो. घरचे मात्र आईला बोल लावतात! तिने काय केले? तिच्या वडिलांनी तरी काय केले?

मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा कुटुंबांची जनुकीय तपासणी होते. मुलात ही उलटापालट सापडली, तर त्याची बहीण किंवा मावशी वाहक आहे का, हे त्याच एका खुणेवरून कळते. वाहक असेल, तर तिच्या प्रत्येक मुलाला हा रोग होण्याचा संभव निम्मा, आणि तो बाळंतपणाआधीच डॉक्टरांना ठाऊक असतो.