राष्ट्रध्वज जाळणें हा गुन्हा असावा काय?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्रध्वजासंबंधीं आचाराचे जे नियम १९४२ सालीं काँग्रेसनें मंजूर केले, त्यांत एक कलम असें आहे कीं, ध्वज जीर्ण होऊन फडकविण्यास अयोग्य झाला म्हणजे त्याचा सन्मानपूर्वक नाश करावा, आणि तो शक्यतों जाळून करावा. भारताच्या २००२ च्या ध्वजसंहितेंतहि अशीच सूचना आहे. मात्र तें काम चारचौघांसमोर न करतां खासगी रीतीनें उरकावें असें तीत म्हटलें आहे. तेव्हां ध्वज जाळणें ही क्रिया स्वतः निंद्य आहे असें म्हणतां येत नाहीं. अग्नि तोच, कापडहि तेंच. परंतु एके ठिकाणीं तो अंत्यसंस्कार होतो, आणि दुसऱ्या ठिकाणीं विटंबना होते. हा भेद ज्वाळेंत नसून जाळणाऱ्याच्या मनांत व पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. ध्वज जाळणाऱ्यास तुरुंगांत टाकावें, कीं त्याचें तें कृत्य म्हणजे एक प्रकारचें भाषणच मानून त्यास कायद्याचें संरक्षण द्यावें, या वादाचें मर्म नेमकें येथें आहे.

अमेरिकेंत ध्वजसंरक्षणाचे कायदे प्रथम झाले ते कोणा देशद्रोह्याच्या भीतीनें नव्हेत. त्यांचा रोख व्यापाऱ्यांवर होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं हव्या त्या मालावर ध्वजाचें चित्र छापून तो खपविण्याची चाल पडली होती, आणि निवडणुकीचे उमेदवारहि आपलीं नांवें ध्वजावर छापून घेत. नेब्रास्का संस्थानांत दोघां व्यापाऱ्यांनीं राष्ट्रध्वजाचें चित्र असलेली बीयरची बाटली विकली म्हणून त्यांस दंड झाला, व १९०७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. त्या निकालांत भाषणस्वातंत्र्याचा विचार झालेलाच नाहीं. बीयरच्या बाटलीस भाषण म्हणण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नसावें. पुढें व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध निदर्शनें सुरू झालीं, १९६७ सालीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें ध्वज जाळला गेला, आणि कायद्याचें पातें दुकानदारावरून निदर्शकाकडे वळलें. १९६८ सालीं मध्यवर्ती सरकारचा कायदा झाला. संस्थानांपैकीं तर ५० त ४८ ठिकाणीं असे कायदे होते.

ध्वज जाळणारा मनुष्य म्हटला कीं देशाचा वैरी डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु या विषयावरील एक महत्त्वाचा खटला ज्याच्या नांवानें ओळखला जातो, तो सिडनी स्ट्रीट या वर्णनांत बसत नाहीं. हा ब्रुकलिनमधील एक कृष्णवर्णी गृहस्थ. राष्ट्रीय सणांच्या दिवशीं तो आपल्या घरीं ध्वज लावीत असे, व एरवीं त्याची नीट घडी करून तो खणांत ठेवीत असे. १९६६ सालच्या जून महिन्याच्या ६ तारखेस त्यानें रेडिओवर बातमी ऐकली कीं, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं मिसिसिपींतून पदयात्रा करणाऱ्या जेम्स मेरेडिथवर गोळी झाडली गेली. स्ट्रीटनें खणांतून तो ध्वज काढला, चव्हाट्यावर नेला आणि काडी लावली. पोलिसानें विचारलें तेव्हां, हा ध्वज माझाच आहे, मेरेडिथची अशी गत होऊं दिली जात असेल तर हा ध्वज आम्हांला नको, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. ज्याला ध्वजाचें कांहींच वाटत नाहीं तो मनुष्य तो जपून ठेवीत नाहीं, आणि रागाच्या भरांत जाळण्यासाठीं बाहेरहि काढीत नाहीं.

१९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं स्ट्रीटची शिक्षा रद्द केली. पण ध्वज जाळण्याचा प्रश्न न्यायाधीशांनीं शिताफीनें बाजूस ठेवला. न्यूयॉर्कच्या कायद्यांत ध्वजाचा शब्दानें केलेला अवमानहि गुन्हा होता. तेव्हां शिक्षा कदाचित् त्याच्या बोलण्याबद्दलच झाली असेल, आणि तसें असल्यास ती टिकूं शकत नाहीं, एवढेंच त्यांनीं म्हटलें. उलट मत देणाऱ्या चौघांत सरन्यायाधीश अर्ल वॉरेन व न्यायमूर्ति ह्यूगो ब्लॅक होते ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. भाषणस्वातंत्र्याचे एवढे कट्टे पुरस्कर्ते त्या न्यायालयांत क्वचितच झाले असतील, आणि त्यांनाहि ध्वज जाळणें शिक्षेस पात्र वाटलें. हा वाद उदार आणि अनुदार अशा दोन सरळ तटांचा नाहीं.

पण शब्द न उच्चारतां केलेली कृति भाषण कशी ठरते? चिन्ह बोलतें ही गोष्ट सरकारांना नेहमींच मान्य असते; विशेषतः त्याचें बोलणें त्यांस आवडत नाहीं तेव्हां. १९२३ सालीं नागपुरांत तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून मिरवणूक नेण्यास ब्रिटिश सरकारनें बंदी केली आणि शेंकडों सत्याग्रहींस तुरुंगांत धाडलें. त्यांनीं दगड मारला नव्हता. केवळ कापडाचा एक तुकडा काठीस लावून नेला होता. तें कापड मुकें असतें तर सरकारास त्याची भीति कशाला वाटली असती? अमेरिकेंत १९३१ सालीं याच जातीचा प्रश्न आला. कॅलिफोर्नियांतील मुलांच्या एका शिबिरांत रोज सकाळीं लाल निशाण उभारणाऱ्या तरुणीस शिक्षा झाली होती; ती सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली. पुढें १९४३ सालीं, महायुद्ध ऐन भरांत असतांना, त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, धर्मसमजुतीमुळें ध्वजवंदन न करणाऱ्या शाळकरी मुलांवर तें लादतां येणार नाहीं. तीनच वर्षांपूर्वीं न्यायालयानें याच्या अगदीं उलट निर्णय दिला होता. निशाण उभारणें हें बोलणें, वंदन न करणें हेंहि बोलणें. मग जाळण्याची पाळी येणें क्रमप्राप्तच होतें.

ती पाळी डॅलस शहरांत आली. १९८४ च्या ऑगस्टमध्यें तेथें रिपब्लिकन पक्षाचें अधिवेशन भरलें असतां अध्यक्ष रेगन यांच्या धोरणाविरुद्ध निदर्शनें झालीं. एका निदर्शकानें एका इमारतीपुढील खांबावरचा ध्वज उतरवून ग्रेगरी ली जॉन्सन याच्या हातीं दिला, आणि जॉन्सननें नगरभवनासमोर त्यावर रॉकेल ओतून तो पेटविला. कोणासहि इजा झाली नाहीं. पाहणाऱ्यांपैकीं कांहींजणांस मात्र अतिशय दुःख झालें. त्यांतील एकानें उरलेली राख व चिंध्या गोळा करून घरीं नेल्या आणि आपल्या परसांत पुरल्या. या अनाम गृहस्थाची वेदना खरी होती, व पुढील सर्व युक्तिवाद वाचतांना तिचा विसर पडूं देऊं नये. टेक्सासच्या कायद्याप्रमाणें जॉन्सनला १ वर्षाची कैद व २,००० डॉलर दंड झाला.

खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयांत गेला, व २१ जून १९८९ रोजीं ५ विरुद्ध ४ मतांनीं जॉन्सन सुटला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ति ब्रेनन यांनीं लिहिला. टेक्सासनें दोन कारणें पुढें केलीं होतीं. एक, शांतताभंगाचें; परंतु प्रत्यक्षांत शांतता भंगली नव्हतीच, आणि लोक चिडतील एवढ्यावरून बोलणाराचें तोंड बंद करतां येत नाहीं. दुसरें कारण राष्ट्रैक्याचें चिन्ह जपण्याचें. यावर ब्रेनन यांचें म्हणणें असें कीं, जीर्ण ध्वज आदरानें जाळणारास कायदा सोडून देतो आणि निषेधानें जाळणारास धरतो. म्हणजे तो कापड जपत नसून एक विशिष्ट मत दाबीत आहे, आणि एखादें मत लोकांस चीड आणणारें आहे एवढ्याकरितां तें दाबण्याचा अधिकार राज्यघटनेनें सरकारास दिलेला नाहीं. ध्वज जाळणारास उत्तर द्यावयाचें तर आपला ध्वज फडकवावा, असेंहि त्यांनीं सुचविलें. बहुमतांत सामील झालेले न्यायमूर्ति केनेडी यांनीं स्वतंत्रपणें लिहिलें कीं, न्यायाधीशास न आवडणारे निर्णयहि केवळ कायदा तसा आहे म्हणून द्यावे लागतात. न्यायमूर्ति स्कालिया तर पुढें जाहीरपणें सांगत कीं, आपल्या हातीं असतें तर ध्वज जाळणारांस आपण कोठडींत टाकलें असतें, पण आपण राजा नाहीं.

विरुद्ध मताच्या चार न्यायाधीशांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नाहीं. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांचें म्हणणें असें कीं, ध्वज हा मतामतांच्या बाजारांतील एक माल नव्हे. त्यासाठीं सैनिकांनीं प्राण वेंचले आहेत. जॉन्सनला जें सांगावयाचें होतें तें शब्दांनीं सांगण्यास हवी तेवढी मोकळीक होती. जाळणें म्हणजे विचार नव्हे, निव्वळ डरकाळी. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं दृष्टांत दिला लिंकनच्या स्मारकाचा: त्या भिंतीवर रंगानें आपलें मत लिहिण्यास कोणासहि मनाई करतां येते, मग तें मत कितीहि निर्दोष असो. दृष्टांत चांगला आहे, पण तो लंगडा पडतो. लिंकनचें तें स्मारक एकच आहे व तें सर्वांच्या मालकीचें आहे. ध्वज दुकानांत विकत मिळतो, आणि स्ट्रीटनें जाळला तो त्याचा स्वतःचा होता. उरला डरकाळीचा मुद्दा. डरकाळीस कांहींच अर्थ नसता तर तिनें कोणास दुःख कां व्हावें? ज्या दुःखाच्या आधारावर शिक्षा मागितली जाते, तेंच दुःख त्या कृतीचा अर्थ पाहणाराच्या मनापर्यंत पोंचल्याची साक्ष देतें.

निकालावर देश खवळला. काँग्रेसनें त्याच वर्षीं नवा कायदा केला, व त्यांत जाळणाराच्या हेतूचा उल्लेख टाळून पळवाट शोधली. कायदा अंमलांत येतांच लोकांनीं सिॲटलमध्यें व वॉशिंग्टनला काँग्रेसच्या पायऱ्यांवर ध्वज जाळले, आणि ११ जून १९९० रोजीं न्यायालयानें त्याच ५ विरुद्ध ४ मतांनीं तो कायदाहि रद्द ठरविला. मग उरली घटनादुरुस्ती. प्रतिनिधिगृहानें १९९५ पासून २००५ पर्यंत ती सहा वेळां मंजूर केली. पण सेनेटमध्यें लागणारें दोनतृतीयांश मताधिक्य तिला कधींच मिळालें नाहीं. २७ जून २००६ रोजीं ६६ मतें अनुकूल व ३४ प्रतिकूल पडलीं. एक मत कमी पडलें.

भारतांत उत्तर निराळें आहे, व त्याचें कारण बव्हंशीं राज्यघटनेच्या रचनेंत आहे. अमेरिकन घटनेची १७९१ ची पहिली दुरुस्ती काँग्रेसनें भाषणस्वातंत्र्य संकुचित करणारा कायदाच करूं नये असें सांगून थांबते. भारतीय घटनेचें १९ वें कलम स्वातंत्र्य देतें आणि लगेच त्यावरील वाजवी निर्बंधांची यादीहि देतें. तिच्या छायेंत १९७१ चा कायदा उभा आहे. सार्वजनिक ठिकाणीं ध्वज जाळणें, फाडणें, तुडविणें यांस ३ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. मात्र ध्वजावर वा घटनेवर सनदशीर बदलासाठीं केलेली टीका हा गुन्हा नव्हे, असा खुलासाहि त्या कायद्यांत आहे. १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील तीन मुलांस शाळेंत परत घ्यावयास लावलें. तीं राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहत, पण धर्मश्रद्धेमुळें गात नसत. योगायोग असा कीं, हीं मुलें १९४३ च्या अमेरिकन मुलांच्याच पंथाचीं होतीं. २००४ सालीं नवीन जिंदाल यांच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें, सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकविणें हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असें मानलें. आतां उभारण्यास भाषण म्हटलें कीं जाळण्यास निव्वळ मुकी नासधूस म्हणतां येत नाहीं. त्यास निर्बंध घालावयाचा तर भाषणावर निर्बंध घालीत आहोंत असें उघड म्हणून, व त्याचीं कारणें देऊनच घातला पाहिजे. भारतीय घटना तशी सोय देते. पण नाराजीपोटीं एखाद्यानें स्वतःचा ध्वज जाळला तर त्यास ३ वर्षांपर्यंत तुरुंग ही शिक्षा प्रमाणाबाहेरची वाटल्यावांचून राहत नाहीं.

अमेरिकन निकालाचा अर्थ ध्वज जाळणारास सर्व माफ असा मात्र मुळींच नाहीं. दुसऱ्याचा ध्वज पळविणें ही चोरीच आहे. जॉन्सनवर तो आरोप ठेवलाच नव्हता, हा भाग निराळा. आग लावूं नये अशा जागीं आग लावणें, दंगल पेटविणें, कोणास जिवाची धमकी देणें हें सारें शिक्षेस पात्रच आहे. कोणास भेदरविण्यासाठीं क्रूस जाळणें गुन्हा ठरवितां येतो, असें न्यायालयानें २००३ सालीं सांगितलें. अध्यक्ष ट्रम्प यांनीं २५ ऑगस्ट २०२५ रोजीं ध्वज जाळणारांविरुद्ध जो हुकूम काढला, त्याचा आधारहि हेच दुसरे कायदे आहेत, कारण अध्यक्षाच्या हुकुमानें सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुसला जात नाहीं. त्याच दिवशीं व्हाइट हाउससमोरील उद्यानांत एका माजी सैनिकानें निषेध म्हणून ध्वज पेटविला व त्यास अटक झाली. त्याच्यावर ठेवलेला आरोप उद्यानांत आग लावल्याचा होता.