पुलावरचा टोल आणि वीस टक्क्यांचे कलम

गावचे काम, सरकारी कंत्राट : भाग ६

दिल्लीहून नोएडाकडे निघालेली गाडी डीएनडी उड्डाणमार्गावरून यमुना ओलांडते. आठ पदरी, ९.२ किलोमीटरचा हा रस्ता फेब्रुवारी २००१ मध्ये खुला झाला आणि पुढची पंधरा वर्षे त्यावर टोल घेतला जात होता. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने वसुली थांबवली. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. पुलाच्या बांधकामाबद्दल वाद नव्हता. पूल मजबूत होता, प्रवासाचा वेळही वाचत होता. वाद होता तो १२ नोव्हेंबर १९९७ रोजी झालेल्या करारातल्या काही कलमांबद्दल.

मागच्या भागात निविदेचा प्रवास पाहिला. या भागात तिच्यानंतर येणारा कागद, म्हणजे करारनामा. वर्तमानपत्रात बातमी येते ती भूमिपूजनाची आणि लोकार्पणाची. करारनामा मात्र फायलीत राहतो, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत लोकांच्या खिशातून किती पैसे जाणार हे त्या फायलीतच ठरलेले असते.

डीएनडीचा करार तिघांत झाला : नोएडा प्राधिकरण, आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था आणि तिने या कामासाठी उभी केलेली नोएडा टोल ब्रिज कंपनी. कंपनीने पूल बांधायचा, चालवायचा, टोलमधून पैसे वसूल करायचे आणि मग तो प्राधिकरणाच्या ताब्यात द्यायचा. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या नावाने महाराष्ट्रातही परिचित असलेली ही पद्धत. पुलाचा खर्च सुमारे ४०८ कोटी रुपये धरला गेला आणि मुदत ३० वर्षांची.

खरी मेख वसुलीच्या सूत्रात होती. कंपनीला प्रकल्पाचा एकूण खर्च, देखभालीचा खर्च आणि एकूण खर्चावर दरवर्षी २० टक्के परतावा मिळायचा होता. एखाद्या वर्षी टोलमधून तेवढी रक्कम आली नाही, तर उरलेली तूट प्रकल्पाच्या खर्चात जमा व्हायची. पुढच्या वर्षी त्या वाढलेल्या खर्चावर पुन्हा २० टक्के. वसुली पूर्ण झाली नाही तर मुदतही वाढायची. सावकाराच्या वहीत थकलेले व्याज मुदलात मिळवले जाते, तोच हा हिशेब. काहीच परत केले नाही तर २० टक्के चक्रवाढीने १०० रुपयांचे दहा वर्षांत ६१९ रुपये होतात. अशा सूत्रात टोल भरणाऱ्यांची संख्या वाढली तरी देणे संपेलच याची खात्री नसते. शिवाय खर्च जितका जास्त तितका परतावाही जास्त, त्यामुळे काटकसर करायला कंपनीला काहीच कारण उरत नाही.

हे काम खुल्या निविदेशिवाय दिले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट बोट ठेवले : स्पर्धा न होता कंपनी निवडली गेली आणि इतर पात्र कंपन्यांना संधीच मिळाली नाही. वसुलीचे अधिकार कंपनीच्या हाती सोपवताना प्राधिकरणाने आपली मर्यादा ओलांडली, असेही न्यायालय म्हणाले. खर्च, देखभाल आणि नफा हे सगळे कंपनीला मिळून चुकले होते, कर्जे फिटली होती, भागधारकांना लाभांशही मिळाला होता. मग लोकांनी टोल भरत राहण्याला आधार उरला नव्हता.

असा करार होत असताना त्याला हरकत घेणारे कोणी नव्हते का? याचे उत्तर नोएडाच्या घडणीत आहे.

नोएडाची स्थापना १७ एप्रिल १९७६ ची, उत्तर प्रदेश औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखाली. नावातच ‘औद्योगिक विकास प्राधिकरण’ आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६ लाख ३७ हजार लोकसंख्या असलेल्या या शहरात महानगरपालिका नाही, नगरसेवक नाहीत, महापौर नाही. रस्ते, गटारे, दिवे, उद्याने यांची कामे प्राधिकरण काढते. निविदा तेच मागवते आणि देयकेही तेच चुकती करते. मुख्य कार्यकारी अधिकारी भारतीय प्रशासकीय सेवेतला असतो आणि संचालक मंडळात शासनाने नेमलेले अधिकारी बसतात. संविधानाच्या २४३-क्यू कलमात औद्योगिक वसाहतींसाठी ठेवलेली पळवाट यासाठी वापरली गेली.

या हद्दीतली ८१ गावेही त्यात ओढली गेली. २०१५ च्या सुमारास त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. गावात प्रधान नाही, ग्रामसभा नाही. गल्लीतले गटार फुटले तर प्राधिकरणाच्या वर्क सर्कलच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. शहर जसजसे पसरले तसतसा नोएडा ज्यात येते त्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्याचा ग्रामीण भाग आकसला. २०२१ च्या निवडणुकीत इथल्या जिल्हा पंचायतीच्या जागा अवघ्या ५ होत्या. महाराष्ट्रातल्या साध्या जिल्हा परिषदेतही सदस्यांची संख्या ५० च्या आगेमागे असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की फरक लक्षात येतो.

लोकप्रतिनिधी नसले की हिशेब तपासायला न्यायालय आणि लेखापरीक्षक एवढेच उरतात, आणि ते दोघेही काम उरकल्यावर येतात. डीएनडीच्या टोलविरुद्ध नोएडातल्या रहिवासी संघांच्या महासंघाने २०१२ मध्ये जनहित याचिका दाखल केली. उच्च न्यायालयात चार वर्षे गेली, सर्वोच्च न्यायालयात आणखी आठ. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा नोएडावरील अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेश विधिमंडळात मांडला गेला. त्यात २००५ ते २०१८ या काळाची तपासणी होती. म्हणजे स्थापनेनंतर चार दशके उलटून गेल्यावर हे पान उघडले.

मधल्या काळात काय घडू शकते याचे एक उदाहरण प्राधिकरणाचे तत्कालीन मुख्य अभियंता यादव सिंह यांच्यावरील खटल्यात दिसते. डिसेंबर २०११ मध्ये अवघ्या ८ दिवसांत ९५४ कोटी रुपयांच्या कामांचे करारनामे उरकले गेले, असा सीबीआयचा आरोप आहे. हा तपास जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने सुरू झाला. आरोप सिद्ध होणे हा न्यायालयाचा विषय. इथे मुद्दा वेगाचा आहे. इतक्या रकमेचे करार इतक्या थोड्या दिवसांत होत असतील, तर त्यातले प्रत्येक कलम वाचायला वेळ कोणाला मिळाला असेल?

महाराष्ट्रात गावच्या कामाची वाट वेगळी आखलेली आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. समाजमंदिर असो वा अंतर्गत रस्ता, आधी तो आराखड्यात यावा लागतो. मग अभियंता दरसूचीवरून अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते किंवा कामवाटप समितीतून मजूर सहकारी संस्थेला अथवा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्याला काम मिळते. कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, आणि शेवटी दोषदायित्वाचा कालावधी. या वाटेवर बांधकाम समिती आणि स्थायी समितीतले निवडून आलेले सदस्य बसलेले असतात. ग्रामसभेत कोणीही उठून विचारू शकतो, ‘हा रस्ता गेल्या वर्षीच झाला होता ना?’

ही रचना निर्दोष नाही. टक्केवारी, अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दराने काम घेऊन नंतर साहित्यात केलेली काटछाट, एकाच कामाचे तुकडे पाडून निविदेची मर्यादा टाळणे, हे सगळे ग्रामीण महाराष्ट्राला ठाऊक आहे. तरी प्रश्न विचारायची जागा तिथे कायद्यानेच राखलेली आहे.

ती जागा असूनही कोल्हापूरकरांना रस्त्यावर उतरावे लागले. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर आयआरबी या ठेकेदार कंपनीकडे गेले. खर्च सुमारे २२० कोटी, टोलची मुदत ३० वर्षे, जोडीला टेंबलाईवाडीचा भूखंड. करार महापालिकेत निवडून आलेले सदस्य असतानाच झाला होता. त्यातली तरतूद लोकांना कळली ती नाके उभे राहिले तेव्हा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय कृती समिती लढली आणि २०१५ च्या अखेरीस राज्य सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. मात्र ठेकेदाराच्या रस्त्यांचे मूल्यांकन करून त्याची रक्कम सरकारला द्यावी लागली, म्हणजे ती जनतेच्याच तिजोरीतून गेली. नोएडात कोर्टाने आणि कोल्हापुरात आंदोलनाने जे साधले, ते सहीआधीच्या एखाद्या जागरूक सभेत फार स्वस्तात साधले असते.

म्हणूनच २०२२ नंतर महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांचे जे झाले ते काळजीचे आहे. मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक बनून सभागृहाचे व समित्यांचे अधिकार वापरू लागले. त्या काळात जिल्हा परिषदा आणि नोएडा यांच्यातले अंतर बरेच कमी झाले होते. या वर्षांतले करारनामे नव्या सदस्यांनी एकेक करून वाचायला हवेत.

नोएडातही हालचाल आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या जागी महानगर संस्था आणण्याचा विचार करावा, मुख्य दक्षता अधिकारी नेमावा आणि नागरिकांचे सल्लागार मंडळ स्थापावे, असे राज्य सरकारला सांगितले.

तोवर सामान्य माणसाच्या हाती माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. त्याच्या २(जे) कलमाने कागदाच्या प्रतीच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिला आहे. करारनाम्याची प्रत हाती आली की चार गोष्टी आधी शोधाव्यात : ठेकेदार स्पर्धेतून निवडला का, खर्च कोणी प्रमाणित केला, तूट कोणाच्या माथी मारली आहे, आणि मुदत वाढवण्याचा अधिकार कोणाकडे आहे. डीएनडीच्या करारात या चारही प्रश्नांची उत्तरे १९९७ मध्येच लिहिलेली होती.

पुढील भागात : मोजमाप पुस्तिका. रस्त्याची जाडी कागदावर कशी भरते आणि ती जागेवर कशी तपासायची.