पॉइंट कमी, किंमत मोठी: बेन वॉलेसच्या करिअरमधून छोट्या उद्योजकाने काय घ्यावं?



"छोट्या दुकानाची ताकद" या व्हिडिओत मी बेन वॉलेस या बास्केटबॉल खेळाडूचं नाव घेतलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "हा कोण? आणि याचा धंद्याशी काय संबंध?" व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आज सविस्तर लिहितो. बास्केटबॉल कळत नसेल तरी काळजी करू नका, लागेल तेवढं मी इथेच समजावून सांगतो.

आधी दोन आकडे बघा. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये बेन वॉलेस १९९६ ते २०१२ अशी १६ वर्षं खेळला. त्यात त्याने १,०८८ सामन्यांत पॉइंट केले ६,२५४. आणि रिबाउंड घेतले १०,४८२. म्हणजे सामन्याला सरासरी ६ पॉइंटसुद्धा नाहीत. ज्या खेळात बास्केट करणाऱ्याचाच फोटो पेपरात येतो, त्या खेळात हा माणूस बास्केट न करता मोठा झाला. २०२१ मध्ये त्याला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. कसं काय? तेच आज बघू.

रिबाउंड म्हणजे नक्की काय?

खेळाडू बास्केटकडे बॉल फेकतो. तो आत गेला तर पॉइंट. नाही गेला तर रिंगवर किंवा फळीवर आपटून परत येतो. तो परत आलेला बॉल जो पकडतो, त्याच्या नावावर एक रिबाउंड लागतो. एवढं सोपं.

आता धंदेवाल्याच्या नजरेने बघा. बेन खेळत होता त्या काळात एनबीएमध्ये निम्म्याहून जास्त शॉट चुकायचे. म्हणजे प्रत्येक सामन्यात कितीतरी वेळा बॉल "कुणाचाच नाही" अशा अवस्थेत हवेत असायचा. तो समोरच्या टीमने फेकलेला असेल आणि आपण पकडला, तर त्यांची संधी तिथेच संपली. आपल्याच टीमचा शॉट चुकला आणि बॉल पुन्हा आपणच पकडला, तर आपल्याला दुसरी संधी मिळाली आणि २४ सेकंदांचं घड्याळही त्या वेळच्या नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू. फुकटात मिळालेला माल म्हणा ना!

लोकांना वाटतं, रिबाउंड म्हणजे उंचीचा आणि उडीचा खेळ. उंची लागतेच, पण खरी लढाई बॉल खाली यायच्या आधी होते. शॉट सुटला की चांगला रिबाउंडर लगेच बॉलकडे धावत नाही. आधी समोरच्या खेळाडूच्या आणि रिंगच्या मध्ये स्वतःचं अंग घालतो, पाठीने त्याला मागे रेटून धरतो, जागा पक्की करतो आणि मगच उडी मारतो. याला बॉक्स आउट म्हणतात. शिवाय बॉल कुठे पडेल याचा अंदाज लागतो. लांबून मारलेला शॉट लांब उसळतो, एका कोपऱ्यातून मारलेला बऱ्याचदा पलीकडच्या बाजूला जातो. ही निरीक्षणाची आणि सवयीची गोष्ट आहे. आणि मुख्य म्हणजे हे काम दर वेळी करावं लागतं. दहा वेळा जागा पकडली तर तीन-चार वेळाच बॉल हातात येतो. बाकीच्या वेळची मेहनत कुठल्याही आकड्यात दिसत नाही.

१७ डोकी आणि ५० डॉलरची फी

बेनचा जन्म १० सप्टेंबर १९७४ चा. गाव व्हाइट हॉल, अलाबामा राज्यातलं अगदी छोटं गाव. ११ भावंडांत हा दहावा. घरी पैशाची चणचण.

शाळेत असताना त्याला चार्ल्स ओकलीच्या बास्केटबॉल कॅम्पला जायचं होतं. ओकली तेव्हा एनबीएमधला नावाजलेला खेळाडू, आणि गंमत म्हणजे तोही रिबाउंडसाठीच ओळखला जाणारा. कॅम्पची फी होती ५० डॉलर. बेनने काय केलं? हातात कात्री-मशीन घेतलं आणि ३ डॉलरला एक याप्रमाणे लोकांचे केस कापून पैसे जमवले. हिशोब करा, किमान १७ डोकी झाली. आपल्या भाषेत हे त्याचं पहिलं भांडवल, आणि तेही त्याने सेवा विकून उभं केलं.

त्या कॅम्पमध्ये ओकलीच्या नजरेत तो भरला. पुढे बेनने क्लीव्हलंडच्या एका कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढली आणि मग ओकलीच्या मदतीने ओकलीच्याच जुन्या कॉलेजात, व्हर्जिनिया युनियनमध्ये गेला. हे काही टीव्हीवर सामने दाखवतात असं मोठं कॉलेज नव्हतं. ५० डॉलरची फी भरून त्याला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एक ओळख. ट्रेनिंगला, प्रदर्शनाला, व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला पैसे घालताना मी हाच विचार करतो: तिथे माझं काम कोण बघणार आहे?

कुणीच निवडलं नाही

१९९६ चा एनबीए ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो दिवस. त्या वर्षी ॲलन आयव्हर्सन, कोबी ब्रायंट, स्टीव्ह नॅश असे दिग्गज निवडले गेले. एकूण ५८ नावं पुकारली गेली. त्यात बेन वॉलेस नव्हता.

कारणंही पटण्यासारखी होती. रिंगखाली खेळणाऱ्या खेळाडूच्या मानाने तो बुटका होता. नोंदीत उंची ६ फूट ९ इंच, पण तो स्वतः ६ फूट ७ इंचच सांगायचा. शॉट मारता यायचा नाही. छोटं कॉलेज. टीमवाल्यांना प्रश्न पडला की याला नेमकं खेळवायचं कुठे? बॉस्टनने त्याला उन्हाळी सराव सामन्यांत रिंगपासून लांबच्या जागेवर खेळवून बघितलं, जमलं नाही. शेवटी वॉशिंग्टनच्या टीमने त्याला घेतलं. पहिल्या सीझनमध्ये ३४ सामने आणि सरासरी जेमतेम १ पॉइंट.

इथे बहुतेक जण काय करतात? आपल्याला जे येत नाही ते शिकायच्या मागे लागतात. समोरचा दुकानदार मोबाइलच्या ॲक्सेसरी विकतो, मग आपणही ठेवू. बेनने उलटा रस्ता धरला. आपल्याला काय येतं? बॉल पकडणं, समोरच्याला अडवणं, पळत राहणं. मग तेच एवढं करायचं की टीमला आपल्याशिवाय चालणार नाही. वॉशिंग्टनमधून १९९९ मध्ये तो ऑर्लँडोला गेला. तिथे तो नियमित पहिल्या पाचात खेळला आणि सामन्याला ८ च्या वर रिबाउंड घेऊ लागला.

"भरपाई" म्हणून आलेला माणूस

आता खरी गंमत. २००० साली डेट्रॉइट पिस्टन्सचा स्टार होता ग्रँट हिल. सामन्याला २५ पॉइंट करणारा. त्याचा करार संपला आणि त्याने ऑर्लँडोला जायचं ठरवलं. तो असाच गेला असता तर डेट्रॉइटच्या हातात काहीच उरलं नसतं. म्हणून दोन्ही टीमनी सौदा केला: हिल ऑर्लँडोला, बदल्यात बेन वॉलेस आणि चकी ॲटकिन्स डेट्रॉइटला. बहुतेकांच्या दृष्टीने हे म्हणजे हिरा देऊन सुट्टे पैसे घेण्यासारखं होतं.

पुढे काय झालं? हिलच्या घोट्याची दुखापत बरी होईना, पहिल्या चार सीझनमध्ये मिळून तो ऑर्लँडोसाठी फक्त ४७ सामने खेळू शकला. बिचाऱ्याचं नशीब, त्यात त्याचा दोष नाही. आणि डेट्रॉइटमध्ये बेनला मनासारखी जागा मिळाली. त्याच्याकडून कुणी पॉइंट मागत नव्हतं. टीमच त्याच्या बचावाभोवती बांधली गेली.

- २००१-०२: सामन्याला १३ रिबाउंड आणि ३.५ ब्लॉक, दोन्हींत लीगमध्ये पहिला. एकाच सीझनमध्ये हे दोन्ही जमवणारा तो फक्त चौथा खेळाडू. आदल्या वर्षी ३२ सामने जिंकलेली टीम या वर्षी ५० जिंकली.
- २००२-०३: सामन्याला १५.४ रिबाउंड, पुन्हा पहिला.
- २००२, २००३, २००५ आणि २००६: वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू. चार वेळा! त्याच्या आधी हे फक्त डिकेंबे मुटोंबोने केलं होतं.

डेट्रॉइटच्या स्टेडियममध्ये त्याच्यासाठी मोठ्या घंटेचा आवाज वाजवायचे, "बिग बेन" या टोपणनावावरून. लोक त्याच्यासारखे मोठे केसांचे टोप घालून यायचे. ज्या कामाला ग्लॅमर नाही म्हणतात, त्याच कामासाठी लोक तिकीट काढून येत होते.

२००४ ची फायनल तर बघण्यासारखी आहे. समोर लेकर्स: शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन, गॅरी पेटन. एकापेक्षा एक नावं. डेट्रॉइटने त्यांना ४-१ ने हरवलं. तिसऱ्या सामन्यात लेकर्सला फक्त ६८ पॉइंट करू दिले. शेवटच्या सामन्यात बेनचे १८ पॉइंट आणि २२ रिबाउंड. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू मात्र चॉन्सी बिलप्स ठरला, आणि ते बरोबरच होतं. टीममध्ये पॉइंट करणारे बिलप्स आणि रिचर्ड हॅमिल्टन होते, म्हणूनच बेनला फक्त आपलं काम करता आलं. हे विसरू नका.

नाण्याची दुसरी बाजू

आता इथपर्यंत वाचून "वा, जबरदस्त!" म्हणून थांबू नका. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पहिली गोष्ट, त्याची कमजोरी शेवटपर्यंत कमजोरीच राहिली. फ्री थ्रो, म्हणजे कुणी अडवत नसताना मारायचा साधा शॉट, तो १०० पैकी ४१ च मारायचा. समोरच्या टीम मुद्दाम त्याला फाउल करायच्या, कारण तो चुकणार हे माहीत. एका गोष्टीत तज्ज्ञ असलात तरी बाकीचं अगदीच कच्चं असेल तर समोरचा तिथेच बोट ठेवतो. तुमचा माल उत्तम आहे, पण जीएसटीचं रिटर्न वेळेवर जात नाही? मग दंड तिथूनच बसणार.

दुसरी गोष्ट, राग. नोव्हेंबर २००४ मध्ये इंडियानाविरुद्धच्या सामन्यात फाउलवरून त्याने रॉन आर्टेस्टला ढकललं. त्यातून जो राडा झाला तो प्रेक्षकांपर्यंत गेला. बेनवर ६ सामन्यांची बंदी आली.

तिसरी, २००६ मध्ये तो शिकागोला गेला. ४ वर्षांचा करार, ६ कोटी डॉलर. पैसा मोठा, पण ती जुनी मांडणी तिथे नव्हती. डोक्याला पट्टी बांधायची नाही या नियमावरून कोचशी खटकलं. रिबाउंड कमी झाले, दुसऱ्या सीझनच्या मध्येच त्याला क्लीव्हलंडला पाठवलं गेलं. शेवटी २००९ मध्ये तो परत डेट्रॉइटला आला आणि २०१२ मध्ये तिथूनच थांबला. २०१६ मध्ये डेट्रॉइटने त्याचा ३ नंबर कायमचा राखून ठेवला. त्याचं वय वाढत होतं हेही खरंच. पण चालणारं दुकान जसंच्या तसं उचलून दुसऱ्या पेठेत नेलं की तिथेही तसंच चालेल, असं धरून चालू नका. गिऱ्हाईक, माणसं, जागा मिळून दुकान बनतं.

आणि एक प्रामाणिक सूचना. ड्राफ्टमध्ये नाव न आलेले खेळाडू दर वर्षी असतात, त्यातले बहुतेक हॉल ऑफ फेमपर्यंत जात नाहीत. बेन हा आधुनिक एनबीएमधला तिथे पोचलेला तसा पहिला खेळाडू. म्हणून "मेहनत केली की यश नक्की" असं मी सांगणार नाही. कुठल्या कामात मेहनत घालायची, हे मात्र त्याच्याकडून शिकता येतं.

आपल्या धंद्यातला रिबाउंड कुठे असतो?

समजा दिवसभरात १० जण भाव विचारून गेले. ४ जणांनी घेतलं. बाकीचे ६? तो हवेतला बॉल आहे. बहुतेक दुकानदार फक्त ४ चा गल्ला मोजतात. माझ्या दुकानात काउंटरवर एक साधी वही असते, तिच्यात तीनच रकाने: कोण आलं, काय मागितलं, का घेतलं नाही. महिनाभरात त्या वहीत दिसायला लागतं की कोणता माल नसल्यामुळे माणूस परत जातोय आणि कुणाला दोन दिवसांनी एक फोन केला तर तो परत येईल.

असे अजून काही रिबाउंड:

१. माल बदलून मागणारा. तो तक्रार घेऊन आलाय, म्हणजे पुन्हा तुमच्या दुकानात आलाय. नीट बोललात तर तो टिकतो.

२. दिलेलं पण उत्तर न आलेलं कोटेशन. पाठवून विसरू नका, तारीख लिहून ठेवा.

३. उधारी. वसुली कुणालाच आवडत नाही. पण तुमचाच पैसा बाहेर उसळतोय. दर आठवड्याला ठरलेल्या वारी वही उघडायची, लाजायचं नाही.

४. शेजारच्या दुकानात न मिळालेली वस्तू. लोक "तिथे नाही मिळालं" म्हणत तुमच्याकडे येतात, तेव्हा ती वस्तू कोणती हे टिपून ठेवा. बॉल कुठे पडतो याचा अंदाज असाच येतो.

यातल्या एकाही कामासाठी भांडवल लागत नाही. जागा पकडून रोज उभं राहावं लागतं, एवढंच. आणि बॉक्स आउटसारखंच, दहा फोनमधले तीन-चारच कामी येतात. बाकीचे सहा वाया गेले असं वाटेल, पण ते केल्याशिवाय हे तीन-चार सापडत नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ

आजच एक वही घ्या. सात दिवस, न घेता गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची एक ओळ लिहा. आठव्या दिवशी वही उघडून बघा आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण मला कमेंटमध्ये कळवा. धंदा अजून सुरू केला नसेल, तर ज्या दुकानासारखं दुकान काढायचंय तिथे तासभर थांबा आणि रिकाम्या हाताने बाहेर पडणारी माणसं मोजा. पुढच्या व्हिडिओत आपण तुमच्याच वह्यांवर बोलू.

भेटूया, तोपर्यंत काउंटर सोडू नका!