ती दारू कोणतं काम करत होती?

२६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन यंदाही शपथा, प्रभातफेऱ्या आणि पथनाट्यांत पार पडला. या दिवशीच्या भाषणांत व्यसनाची वाट ठरलेली असते: वाईट संगत, मित्रांचा आग्रह, गंमत म्हणून घेतलेला पहिला घोट आणि मग तलफ. पुष्कळांच्या बाबतीत तसं घडतही असेल. पण ज्याला संगतच नसते, आग्रहापेक्षा गोंगाटच ज्याला जास्त सोसवत नाही, अशा स्वमग्न (ऑटिस्टिक) माणसाच्या हातात ग्लास येतो तेव्हा ही गोष्ट कुठेच लागू पडत नाही. तिच्यावर बेतलेले उपचारही मग त्याला लागू पडत नाहीत. तो गंमत म्हणून पीत नसतो. बहुतेक वेळा ती दारू, तो गांजा त्याचं काहीतरी काम करत असतो. ते काम कोणतं, हे न शोधता बाटली तेवढी काढून घेतली तर उपचार टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा की स्वमग्न माणसं मुळात पितच नाहीत. डॉक्टरही बराच काळ असंच मानत होते, आणि त्याला कारणं होती. नियम काटेकोर पाळण्याकडे अनेकांचा कल असतो, उग्र वास आणि चव नकोशी वाटते, मित्रमंडळी बेताची असल्यामुळे पिण्याचे प्रसंगही कमी येतात. केंब्रिज विद्यापीठातल्या एलिझाबेथ वेअर, कॅरी अ‍ॅलिसन आणि सायमन बॅरन-कोहेन यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत याला दुजोराच मिळतो. २,३८६ जणांच्या या पाहणीत जवळपास निम्मे स्वमग्न होते. आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस पिणाऱ्यांचं प्रमाण स्वमग्न प्रौढांत १६ टक्के निघालं, इतरांत २२ टक्के. एका बैठकीत भरमसाट पिणारे स्वमग्न पुरुष तर इतरांच्या निम्मेच.

आता स्वीडनची आकडेवारी पाहू. अ‍ॅग्नेश्का बुटविका आणि सहकाऱ्यांनी तिथल्या राष्ट्रीय नोंदींतून जवळजवळ २७ हजार स्वमग्न व्यक्तींची माहिती तपासली आणि २०१७ साली मांडली. व्यसनाशी निगडित आजार, गुन्हे आणि मृत्यू यांचा धोका स्वमग्न व्यक्तींत दुपटीच्या आसपास होता. हा सगळा परिणाम सोबत असणाऱ्या अतिचंचलतेचा, म्हणजे एडीएचडीचा असेल, ही शंका रास्त आहे. अतिचंचलता असणाऱ्यांत धोका सर्वांत जास्त होताच. पण ज्यांना ती नव्हती आणि बौद्धिक अक्षमताही नव्हती, त्यांच्यातही तो दुप्पट राहिला. तैवानमधल्या २०२१ च्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच आहे. मग केंब्रिज खरं की स्वीडन? मला दोन्ही खरी वाटतात. केंब्रिजने किती जण किती वेळा पितात हे मोजलं, स्वीडनने किती जण बुडाले हे मोजलं. दोन्ही एकत्र ठेवली की अर्थ लागतो. समाजात चारचौघांत बसून थोडी घेणारा आणि घरी जाणारा मोठा वर्ग असतो. स्वमग्न माणसांत तो मधला वर्गच विरळ दिसतो. बरेच जण थेंबालाही शिवत नाहीत आणि जे घेतात त्यांच्यातले अनेक जण ठरावीक कारणासाठी, एकट्याने, नेमाने घेतात. सरासरी कमी दिसते आणि या दुसऱ्या गटाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

हे ठरावीक कारण कोणतं, याचं उत्तर केंब्रिजच्याच पाहणीत आहे. मला तिचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे लोकांना 'किती घेता' याच्या पुढे जाऊन 'कशासाठी घेता' हे विचारलं होतं. स्वतःचं वागणं आटोक्यात ठेवण्यासाठी नशेचे पदार्थ वापरतो असं सांगणारे स्वमग्न लोक इतरांच्या जवळपास नऊ पट होते, मनाच्या त्रासावर उतारा म्हणून वापरतो असं सांगणारे तीन पटींहून जास्त. आवाज, उजेड, गर्दी यांचा मारा सोसवावा, चारचौघांत 'नॉर्मल' दिसता यावं, हीच कारणं पुन्हा पुन्हा पुढे आली. ऑफिसची पार्टी घ्या. डीजेचा दणका, अत्तरांचे वास, एकाच वेळी चाललेली पाच संभाषणं, आणि त्यातल्या कशावर हसायचं याचा सतत हिशेब. हातात ग्लास आला की हातांचं काय करायचं हा प्रश्न सुटतो, काउंटरजवळ एकटं उभं राहायला सबब मिळते. दुसऱ्या ग्लासानंतर आवाज लांब गेल्यासारखे वाटतात. दारू मेंदूतल्या उत्तेजनेला लगाम घालते, हे कुणाच्याही बाबतीत खरं आहे. पण ज्याच्या मेंदूत दिवसभर भोंगे वाजत असतात त्याला हा लगाम जन्मात पहिल्यांदा मिळालेला असतो. सकाळी ती उतरते तेव्हा अस्वस्थता दुपटीने परत येते आणि उतारा पुन्हा तोच. त्यात ठरल्या वेळी ठरली गोष्ट करण्याची स्वमग्न वृत्ती मिसळली की संध्याकाळी सातची क्वार्टर ही दिनचर्याच होऊन बसते.

याच पाहणीतला आणखी एक निष्कर्ष सहसा दुर्लक्षित राहतो. लहानपणीच नशा हाती येणं, कुणी जबरदस्तीने किंवा फसवून ती देणं, अशा गोष्टींचा उल्लेख स्वमग्न लोकांनी इतरांपेक्षा चौपटीहून जास्त केला. समोरच्याच्या मनातलं कपट ओळखता न येणाऱ्या मुलाला 'घे रे, काही होत नाही' हे वाक्य शब्दशः खरं वाटतं. ही पाहणी ऑनलाइन होती, तिच्यात शिकलेल्या स्त्रियांचा भरणा जास्त होता, बोलता न येणारे जवळपास बाहेरच राहिले, हे मान्य करायलाच हवं. तेव्हा तिचे आकडे जसेच्या तसे पुण्या-नागपूरला लावू नयेत. कारणं मात्र ओळखीची वाटतात.

आपल्याकडे अडचण अशी की हा माणूस स्वमग्न आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, त्याला स्वतःलाही नाही. आज पंचेचाळिशीत असलेल्याच्या लहानपणी भारतातल्या एकाही कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. ते आलं १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, आणि अपंगत्वाच्या मुख्य कायद्यात शिरायला २०१६ उजाडलं. तोवर तो घरात घुमा, शाळेत एकलकोंडा, नोकरीत तिरसट आणि शेवटी बेवडा ठरतो. व्यसनमुक्ती केंद्राच्या केसपेपरवर यातलं शेवटचंच विशेषण उतरतं. इंग्लंडमध्ये मॅथ्यू टिन्सली यांनी २००८ साली दारू आणि अ‍ॅस्पर्जर (स्वमग्नतेचाच एक प्रकार) यांवर सहलेखिकेसोबत पुस्तक लिहिलं. त्यांच्या बाबतीतही दारूवरचे उपचार आधी झाले आणि स्वमग्नतेचं निदान नंतर.

आता हा माणूस केंद्रात दाखल झाला की काय होतं ते बघा. व्यसन हा आजार आहे, दाखल झालेला माणूस गुन्हेगार नव्हे, हे मुक्तांगणसारख्या संस्थांनी १९८६ पासून महाराष्ट्राला पटवलं, त्याचं ऋण मोठं आहे. पण उपचाराचा कणा असतो समूह. गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, किरकिरणारा पंखा, लुकलुकणारी ट्यूब, प्रत्येकाच्या बोलण्यानंतर टाळ्या, आणि पहिला प्रश्न: 'आज कसं वाटतंय?' आपल्याला काय वाटतंय ते ओळखता आणि सांगता न येणं, याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. सर्वसाधारण लोकांत त्याचं प्रमाण शंभरात पाच धरलं जातं, स्वमग्न लोकांत जवळपास निम्म्यांना तो आढळतो. असा माणूस गप्प बसतो, नजर चुकवतो. बाकीच्यांना वाटतं, हा लपवतोय, अजून कबूलच करत नाही. 'मोकळं बोल, दादा' हा आग्रह जितका वाढतो तितका तो मिटत जातो आणि एक दिवस पिशवी उचलून घरी निघून जातो. म्हणून समूह त्याच्यासाठी वाईटच, असंही नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेची रचना दर वेळी तीच असते, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही हा शिरस्ता असतो. गप्पांच्या अड्ड्यापेक्षा अशी सभा कित्येक स्वमग्न लोकांना सोपी जाते. मात्र दाराजवळची खुर्ची, न बोलण्याची मुभा, आधी सांगितलेलं वेळापत्रक आणि समुपदेशकाशी एकट्याने बोलायची वेळ एवढं हवं.

वैद्यकीय बाजू याहून तातडीची आहे. रोज खूप पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर फिट येऊ शकते, हे प्रत्येक केंद्राला माहीत असतं. अपस्मार स्वमग्न लोकांत इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, शिवाय दुखतंय, थरथरतंय हे अनेकांना वेळेवर सांगता येत नाही, हे किती ठिकाणी लक्षात घेतलं जातं? उलट बाजूनेही सावध राहायला हवं. दारू सुटतानाच्या पहिल्या आठवड्यात कुणीही चिडका, आवाजाला दचकणारा, माणूसघाणा दिसतो. त्या दिवसांत प्रश्नावली भरून घेऊन स्वमग्नतेचा शिक्का मारणं चूक ठरेल. स्वमग्नता बालपणापासून असते. तेव्हा आईला किंवा थोरल्या बहिणीला विचारावं: चार वर्षांचा असताना हा कुणाबरोबर खेळायचा? कपड्याचं लेबल टोचतं म्हणून रडायचा का? कुकरच्या शिट्टीला कान झाकायचा का?

ही पिण्याला दिलेली सबब आहे, असं काहींना वाटेल. मला नाही वाटत. कारण शोधल्याने जबाबदारी कमी होत नाही, उपाय कुठे करायचा ते कळतं. स्वीडनच्या अभ्यासात स्वमग्न व्यक्तींच्या सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांतही व्यसनाचा धोका वाढलेला आढळला, म्हणजे आनुवंशिकतेचाही वाटा आहे. तो बदलता येत नाही. पण तैवानमध्ये ज्या स्वमग्न रुग्णांवर मनोविकाराचे औषधोपचार चालू होते त्यांच्यात व्यसनाचं प्रमाण कमी दिसलं. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी मूळ त्रासावर इलाज झाला तर नशेचं काम हलकं होतं, या म्हणण्याला बळ मिळतं.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा आणि माणसांचा आहे. एम्सने २०१९ साली केंद्र सरकारला दिलेल्या अहवालानुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच काही उपचार मिळतो. तिथे स्वमग्न लोकांसाठी वेगळी केंद्रं कुठून आणायची? ती नकोतच. नॉर्वेतल्या सिसेल बर्गे हेल्वर्सू आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्याच बाह्यरुग्ण व्यसनोपचार केंद्रांत एक छोटा प्रयोग केला. रुग्ण फक्त चार, निकाल संमिश्र, त्यामुळे तो पुरावा म्हणून मिरवण्यासारखा नाही. पण नवी इमारत, नवं यंत्र असं काही त्यासाठी लागलं नाही. तिथल्याच समुपदेशकांना स्वमग्नतेची माहिती दिली आणि महिन्यातून एकदा जाणकारांबरोबर बसून आपापल्या रुग्णांवर बोलण्याची सोय केली.