शिळे कधी म्हणायचे?

पोळी रात्रीपर्यंत, भात दुसऱ्या सकाळी फोडणीला टाकेपर्यंत, लोणचे वर्षभर. कोणता पदार्थ किती टिकतो याचे कोष्टक घरातल्या जाणत्या माणसाच्या डोक्यात पक्के असते. माशाची आमटी तर दुसऱ्या दिवशी अधिक मुरते. संगणकाच्या जगात मात्र असे कोष्टक कुणीतरी बसून लिहून काढावे लागते, आणि ते चुकले तर काय होते ते पुढे सांगतो.

आपण मोबाइलवर एखादे पान उघडतो, तेव्हा ते दूरच्या कुठल्यातरी यंत्रातून येते. त्या यंत्राला, म्हणजे सर्व्हरला, प्रत्येक वाचकासाठी ते पान नव्याने रचायला लावणे म्हणजे प्रत्येक पाहुण्यासाठी नव्याने चूल पेटवण्यासारखेच. म्हणून तयार पानाची प्रत ठेवून देतात: काही आपल्या मोबाइलमध्ये, काही वाटेतल्या यंत्रांत, काही खुद्द सर्व्हरच्या दाराशी. या साठ्याला कॅश म्हणतात. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा शब्द ऐकताच नोटांची बंडले दिसतात. पण हा शब्द फ्रेंचमधला, लपवून ठेवणे या अर्थाचा.

साठवणे सोपे, किती काळ साठवायचे हे अवघड. १९९६ साली वेबच्या देवाणघेवाणीचे नियम एचटीटीपी १.० या नावाने कागदावर आले, तेव्हा त्यात 'एक्स्पायर्स' नावाची एक ओळ होती. पानाबरोबर तारीख आणि वेळ पाठवायची. ती उलटली की प्रत शिळी. चेकवर तारीख घालण्यासारखेच, पण त्यात एक गोम होती. देणाऱ्याचे घड्याळ आणि घेणाऱ्याचे घड्याळ एकच वेळ दाखवत असेल याची खात्री कुणी द्यायची? म्हणून जानेवारी १९९७ च्या पुढच्या आवृत्तीत तारखेऐवजी सेकंद सांगण्याची सोय आली. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. आणि वर्षापेक्षा पुढची तारीख देऊ नये, असेही त्या काळच्या नियमांत होते. लोणच्याचीच मुदत!

अपाची या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत दोन तऱ्हांनी लावता येते आणि मला तो फरक फार आवडला. एक, वाचकाने पान मागितल्या क्षणापासून. दोन, मूळ फाइल शेवटची बदलली त्या क्षणापासून. पहिली मुदतठेवीसारखी आहे: ज्याने ज्या दिवशी ठेवली त्याची मुदत त्या दिवसापासून. दुसरी कर्जरोख्यासारखी: कुणी कधीही घेतलेला असो, परतफेड सगळ्यांची एकाच तारखेला. दर आठवड्याला बदलणाऱ्या सूचनेच्या पानाला दुसरी पद्धत उत्तम. मात्र सगळ्यांच्या प्रती एकाच घटकेला शिळ्या होतात आणि सगळेच एकदम खिडकीशी येतात, हे परतफेडीच्या दिवशीची रांग पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

शिळ्या प्रतीचे करायचे काय? बँकेतही 'स्टेल' चेक हा रूढ शब्द आहे. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली, कारण काही लोक ते चेक रोख पैशासारखे हातोहात फिरवत होते. मुदत उलटलेला चेक काउंटरवरून परत जातो. वेब मात्र अधिक समजूतदार. शिळी प्रत टाकून न देता मोबाइल सर्व्हरला विचारतो, 'यात काही बदलले का?' काही बदलले नसेल तर सर्व्हर पान न पाठवता ३०४ एवढा आकडा पाठवतो आणि जुन्याच प्रतीचे नूतनीकरण होते. २०१० मध्ये तर आणखी एक सवलत लिखित झाली: वाचकाला तूर्त शिळीच प्रत द्या आणि मागच्या दाराने ताजी मागवून ठेवा. बातमीसाठी हे चालेल. खात्यातल्या शिलकेसाठी चालवून घेणाऱ्याला मी तरी नोकरीवर ठेवणार नाही.

खरे मरण शिळेपणात नाहीच. ते 'कुणाची प्रत कुणाला' यात आहे. २५ डिसेंबर २०१५ रोजी व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीच्या 'स्टीम' या खेळांच्या दुकानावर खोट्या मागण्यांचा हल्ला झाला. नेहमीच्या सेलपेक्षा गर्दी वीसपटीने वाढली. ती झेलण्यासाठी घाईने कॅशचे नवे नियम लावले गेले आणि त्यातला एक चुकला. सही करून आत आलेल्या ग्राहकांची खासगी पानेही साठवली जाऊन भलत्यांनाच दिली जाऊ लागली. सुमारे दीड तास हे चालले. कुणाचा पत्ता, कुणाचा ईमेल, कुणाच्या खरेदीची यादी परक्यांसमोर उघडी पडली. सुमारे ३४,००० ग्राहकांना याची झळ पोहोचली असावी असे कंपनीने नंतर सांगितले. कार्डाचे पूर्ण क्रमांक त्या पानांवर नव्हते, हे नशीब. वास्तविक नियमांत 'प्रायव्हेट' हा शब्द १९९७ पासून आहे: ही प्रत फक्त मागणाऱ्याच्या यंत्रात ठेवा, वाटेत नको. त्याहून कडक 'नो-स्टोअर', म्हणजे कुठेच ठेवू नका. एकाचे पासबुक दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाही, हे कारकुनाला पहिल्या दिवशी सांगतात. यंत्राला ते प्रत्येक पानागणिक सांगावे लागते.

नेटस्केप कंपनीतल्या फिल कार्लटन यांच्या नावावर एक उक्ती सांगितली जाते: संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, कॅशमधले केव्हा रद्द करायचे ते आणि वस्तूंना नावे देणे. गंमत अशी, की पुढे लोकांनी पहिल्या अडचणीवर दुसरीचाच उतारा काढला. चित्र बदलले की त्याच्या फाइलचे नावच बदलायचे. जुन्या नावाची प्रत पडून राहिली तरी तिला विचारतो कोण? मग अशा फाइलींना मुदत हवी तितकी लांब देता येते. एन्जिन-एक्स या रशियन अभियंता इगोर सिसोयेव यांच्या सर्व्हरमध्ये त्यासाठी 'मॅक्स' असा पर्याय आहे. तो निवडला की फाइलवर ३१ डिसेंबर २०३७ ही तारीख पडते. पुढे तीनच आठवड्यांनी, १९ जानेवारी २०३८ ला, ३२ बिटांत सेकंद मोजणारी जुनी घड्याळे भरून जातात. आणि पान मुळीच साठवून वापरायचे नसेल तर? त्यासाठी 'इपॉक' हा पर्याय. तो निवडला, की आज सकाळी तयार झालेल्या पानावर मुदत छापली जाते १ जानेवारी १९७० ची.