मुखत्यारी कोणाची?
(‘खेळांतील कथा’ : लेखांक नववा)

गेल्या लेखांकात आपण १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन चार मंडळी जमवून खेळावयाच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळापासून संगणकावरील भूमिकाखेळांचा वंश कसा निघाला, ते पाहिले. या आठवड्यात जपानकडे वळण्याचा विचार होता; परंतु तो मजकूर वाचून आमच्या उरणजवळच्या करंज्यातील काही तरुण वाचकांनी, ज्यांच्या हाती रेवसच्या लाँचची वाट पाहतानासुद्धा मोबाइलवर एखादा खेळ चालू असतोच, असा एक प्रश्न विचारला आहे की, त्याचा परामर्श घेतल्यावाचून पुढे जाणे उचित वाटत नाही. ज्यांना ही मुले ‘आरपीजी’ म्हणतात ते आजचे भूमिकाखेळ, ज्यांच्यावर अफाट पैसा खर्च होतो आणि ज्यांतले डोंगर-दऱ्या खऱ्याहून खऱ्या दिसतात, ते वडीलधारे खेळाडू ज्यांची स्तुती करताना थकत नाहीत त्या जुन्या खेळांच्या तोडीचे आहेत काय?

जुने ते सोने या न्यायाने उत्तर देणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. १९८० आणि १९९० या दोन्ही दशकांत या जातीचे पुष्कळ खेळ निघाले आणि त्यांतले बहुतेक, त्याच त्या भुयारांतून तीच ती भुते मारीत हिंडण्यापलीकडे खेळाडूला काही देत नव्हते. ते विस्मृतीत गेले हे योग्यच झाले. आज ज्यांची नावे घेतली जातात ते काळाच्या चाळणीतून उरलेले मूठभर आहेत, आणि त्या मुठीशी आजच्या सगळ्या बाजाराची तुलना करणे हा अन्याय आहे. तुलना करावयाची तर उत्तमाची उत्तमाशी करावी, आणि त्यासाठी आधी कसोटी ठरवावी. माझी कसोटी अशी की, खेळ खेळाडूला खरीखुरी मुखत्यारी देतो की नाही, आणि त्या मुखत्यारीचा त्याने कसा वापर केला याचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवतो की नाही.

या कसोटीचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणजे रिचर्ड गॅरियट यांचा १९८५ सालचा ‘अल्टिमा ४’. ज्या यंत्राची स्मृती अवघी ६४ किलोबाइट, अशा ॲपल-२ संगणकावर हा खेळ चालत असे. त्यात पराभूत करण्याजोगा कोणी महादुष्ट नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि नम्रता या आठ गुणांत पारंगत होणे हेच साध्य. आता एक प्रसंग जवळून पाहा. मंत्रासाठी लागणारी मुळे-औषधी विकणारी बाई अंध आहे. ती किंमत सांगते, आणि किती नाणी द्यावयाची तो आकडा खेळाडूने स्वतः भरावयाचा असतो. कमी भरला तरी ती माल देते, आभार मानते, पडद्यावर लाल अक्षर उमटत नाही, घंटा वाजत नाही. मात्र यंत्राच्या दफ्तरात त्या व्यवहाराची नोंद होते आणि प्रामाणिकपणाच्या खात्यावर तूट पडते. पुढे कित्येक तासांनी, राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याकडे जाऊन खेळाडू एकेका गुणातील आपल्या प्रगतीची चौकशी करतो, तेव्हा त्या गुणात कोठेतरी पाणी मुरते आहे एवढेच त्याला उमगते. कोठे, ते त्याने आपल्याच वर्तनाची उजळणी करून शोधावयाचे. तो काळ असा होता की, खेळात चोरी करणे हा केवळ चतुरपणा मानला जाई. त्या काळात एका मनुष्याने आकड्यांच्या यंत्रात सदसद्विवेक बसविला, ही गोष्ट मला या सबंध कलेच्या इतिहासातील अत्यंत थोर वाटते.

मराठी वाचकाला हा प्रकार सर्वस्वी परका वाटू नये. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा आणि ज्याच्या जुन्या पटांचा पुण्याच्या भांडारकर संस्थेचे माजी ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी मागोवा घेतला, तो मोक्षपट याच जातीचा: शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, आणि वरच्या टोकाला मोक्ष. भेद इतकाच, पण तो मूलगामी आहे, की मोक्षपटात माणसाला शिडीवर चढविते किंवा सापाच्या तोंडी देते ते कवड्यांचे दान. तेथे उपदेश आहे, निवड नाही. अंध बाईच्या दुकानात दान नाही. तेथे केवळ खेळाडू आणि त्याची नियत आहे.

मुखत्यारीचे दुसरे अंग म्हणजे वाट शोधणे. २००२ सालच्या ‘मॉरोविंड’ या बेथेस्डा कंपनीच्या खेळात बालमोरा नावाच्या गावातला एक विद्वान खेळाडूला एका प्राचीन अवशेषातून एक लहानशी कोड्याची पेटी आणावयास सांगतो. वाट तो शब्दांनी सांगतो: गावाबाहेर पडावे, शिपायांची गढी ओलांडावी, दरीवरचा जुना पूल पार करावा, आणि पलीकडे नळाजवळचा दांडा फिरवला की दार उघडेल. खेळाडूने हे वाचावयाचे, लक्षात ठेवावयाचे, रस्ता चुकल्यास मागे फिरावयाचे; आणि आत शिरल्यावरही ती पेटी एका फळीवर, उजेड नाही, खूण नाही, अशी पडलेली असते, त्यामुळे कित्येक जण तिच्या शेजारून रिकाम्या हाताने परत आले. चारच वर्षांनी, २००६ साली, त्याच कंपनीच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये पडद्याच्या तळाशी होकायंत्र आले आणि त्यावर बाण आला, आणि तेव्हापासून असंख्य खेळाडूंनी असंख्य प्रदेश न पाहताच ओलांडले. आमच्याकडचे जुने तांडेल द्रोणागिरीच्या डोंगराच्या खुणेवरून होडीची जागा ताडीत, आणि आज जीपीएसच्या पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघून होडी हाकणारा त्यांच्याहून लवकर पोहोचतो हे निःसंशय; परंतु डोंगराची ओळख ज्याला असते तो समुद्रात असतो, आणि ज्याचे डोळे ठिपक्यावर असतात तो पडद्यात असतो. मासेमारीत लवकर पोहोचणे हा लाभ आहे. खेळात मात्र प्रवास हाच माल असतो, आणि तोच वजा केला तर गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडले?

हा बदल निर्मात्यांच्या आळसामुळे झाला असे म्हणणारे बरेच आहेत. मला त्याचे कारण अधिक व्यावहारिक दिसते, आणि ते म्हणजे आवाज. ‘मॉरोविंड’मधील बहुतेक संभाषण लिखित होते, आणि लिहिलेले वाक्य शेवटच्या आठवड्यातही फुकटात बदलता येते. पात्रे जेव्हा प्रत्यक्ष बोलू लागली, तेव्हा प्रत्येक वाक्यामागे नट आला, ध्वनिमुद्रण आले, परभाषांतील आवृत्त्यांचा खर्च आला; पूल चार पावले सरकविला तरी वाट सांगणाऱ्याला पुन्हा ध्वनिमुद्रणगृहात बोलवावे लागेल, त्यापेक्षा बाण स्वस्त. शब्द महागला आणि त्याबरोबर निवडही आटली. बेथेस्डाच्याच २०१५ सालच्या ‘फॉलआउट ४’मध्ये नायकालाच आवाज दिला गेला, आणि त्याच्या उत्तरांना बहुधा चार चौकटींची मर्यादा पडली, १९९७ सालच्या मूळ ‘फॉलआउट’मध्ये बुद्धिहीन पात्र निर्माण केले तर त्याचे सारे संभाषणच पालटून जाई, ती श्रीमंती त्या चौकटींत मावेना. पुढे २०२३ च्या ‘स्टारफील्ड’मध्ये त्याच कंपनीने नायकाला पुन्हा मुका केला, यावरून चूक त्यांच्याही ध्यानी आली असावी.

तथापि येथे थांबून जुन्यांच्या बाजूने निकाल देणे मला मान्य नाही, कारण आजच्या काळातही काही कृती अशा आहेत की, त्यांच्यापुढे जुन्यांनी मान तुकवावी. पोलंडच्या ‘द विचर ३’मध्ये (२०१५) एका टेकडीखाली वृक्षाच्या मुळांत जखडलेला आत्मा खेळाडूकडे मुक्तता मागतो. त्याला सोडले तर काही अनाथ मुलांचे प्राण वाचतात, पण त्याच प्रदेशातील एका दुर्दैवी सरदाराची पत्नी मरते आणि सरदार गळफास घेतो. आत्म्याला मारले तर ती बाई जगते, भ्रमिष्ट होऊन, आणि मुले जातात. यांतले काहीही निर्णयाच्या क्षणी ठाऊक नसते. ही अंध बाईच्या दुकानाचीच परंपरा, अधिक क्रूर आणि अधिक प्रौढ झालेली. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने २०२३ साली काढलेल्या ‘बॉल्डर्स गेट ३’ने तर, नायकाखेरीज बाकीच्या पात्रांना आवाज देऊनही, निवड आटू दिली नाही, त्यासाठी त्यांनी २०२० च्या ऑक्टोबरपासून अपुरा खेळ खेळाडूंच्याच हाती देऊन जवळजवळ तीन वर्षे तो घडविला. एकच गोष्ट मला तेथे खटकते: सहप्रवाशांना तुमचे वर्तन रुचले की नाही, ते लगेच पडद्यावर छापून येते. ज्याला आपल्या पापपुण्याची पावती हातोहात मिळते, तो पावतीसाठी वागू लागतो. या एका बाबतीत ६४ किलोबाइटच्या यंत्रावरचा तो जुना खेळ आजही सरस आहे.

आणि ‘डिस्को इलिसियम’ (२०१९). एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशातील रॉबर्ट कुर्विट्झ या कादंबरीकाराची एस्टोनियन भाषेतील कादंबरी फारशी खपली नाही, तेव्हा तेच जग घेऊन त्याने आणि त्याच्या मित्रांनी हा खेळ रचला. त्यात पारंपरिक लढाई जवळपास नाहीच. आहे ते संभाषण, सुमारे दहा लक्ष शब्दांचे, आणि त्यात एका उद्ध्वस्त पोलीस अंमलदाराच्या स्वभावाचे चोवीस अंश त्याच्याशीच वाद घालतात. १९९९ च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ची ही थेट वारस कृती, आणि माझ्या मते वारसा वाढविणारी.

आपल्याकडे काय आहे? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला, तो त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या नामांकनांत होता, आणि त्याची चित्रे पाहून अभिमान वाटतो. पण तो साहसखेळ आहे. त्यात राजीने काय करावे ते आधीच ठरलेले आहे. मराठीत, मराठी वाक्यांतून निर्णय घ्यावयास लावणारा मोठा भूमिकाखेळ माझ्या पाहण्यात नाही. ही उणीव पैशाची म्हणता येत नाही, कारण वर दाखविल्याप्रमाणे या कलेतील सर्वांत मौल्यवान भाग हा सर्वांत स्वस्त भाग आहे: लिहिलेला शब्द. इंग्लंडच्या इंकल या संस्थेने संवादाच्या फांद्या लिहिण्यासाठी ‘इंक’ नावाची साधनभाषा २०१६ पासून सर्वांना विनामूल्य खुली केली आहे. आमच्या या करंजा गावात पोर्तुगीज आले, मराठे आले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रज कायम झाले. अशा गावातल्या एखाद्या मिठागराच्या कारकुनाला किंवा तांडेलाला नायक करून, तीन अंमलांत त्याने कोणाशी इमान राखावे हा प्रश्न खेळाडूपुढे ठेवावयास एक लेखक आणि एक साधा संगणक पुरेसा आहे. लिहिणाऱ्या तरुणांनी हे मनावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘अल्टिमा ४’ आज जीओजी या विक्रीस्थळावर अधिकृतपणे विनामूल्य मिळतो आणि साध्या संगणकावरही चालतो. पुढील लेखांकात आपण १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’पासून जपानी परंपरा पाहणार आहोत, तत्पूर्वी वाचकांनी ‘अल्टिमा ४’ एकदा, शेजारी वही ठेवून, खेळून पाहावा, आणि अंध बाईला नाणी मोजून द्यावी.