आलेल्या आणि न आलेल्या

गर्भाशयमुखाचा कर्करोग सावकाश वाढतो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूच्या काही जातींचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकला की तिथल्या पेशी बदलू लागतात, आणि त्यातून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. एवढी सवड देणारे कर्करोग थोडेच. दोष या काळात सापडला तर तो भाग गोठवून किंवा कापून काढता येतो. तरीही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी जेमतेम 1.9 टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाली होती.

ही दरी समजून घेण्याचे मोठे काम बार्शीतून झाले. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987मध्ये तिथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेत होते. खेड्यातले रुग्ण मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतच नसल्याने तिथे वही उघडून बसण्यात अर्थ नव्हता. कार्यकर्ते गावोगाव गेले, बैठका घेतल्या, अंगावरून पांढरे जाणे किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे ही लक्षणे समजावून सांगितली. काही वर्षांतच लवकरच्या टप्प्यावर निदान होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले. तपासणीची मोहीम नव्हती. बदल झाला तो बोलण्याने.

गावांशी जमलेल्या या ओळखीवर पुढचा प्रयोग उभा राहिला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात तो सुरू केला. गावांचे 52 समूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे समूहांचे चार गट पाडले: एकाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप चाचणी, तिसऱ्याला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरे पडणारे डाग पाहण्याची पद्धत, चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. एचपीव्ही गटात 34 स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या, चौथ्या गटात 64. दोन्ही गट आकाराने जवळपास सारखे होते. एकाच चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींनी मात्र लक्षणीय फरक पडला नाही. चौथ्या गटाला तपासणीशिवाय ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप आले, आणि ते क्षुल्लक नव्हते.

या निष्कर्षांइतकीच बोलकी आहे ती न आलेल्यांची नोंद. बोलावलेल्यांपैकी सुमारे 79 टक्के स्त्रिया आल्या. तरुण, शिकलेल्या, विवाहित आणि संततिनियमनाची साधने वापरलेल्या स्त्रिया त्यांत अधिक होत्या. म्हणजे आरोग्यसेवेशी आधीच थोडाफार संबंध असलेल्या बायका पुन्हा आल्या. वयाने मोठ्या आणि अशिक्षित बायका मागे राहिल्या. वय वाढेल तसा या कर्करोगाचा धोका वाढतो, हे लक्षात घेतले तर ही गळती अधिकच खटकते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा केंद्राने 1998पासून ॲसिटिक आम्लाचीच पद्धत वापरली. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्त्रिया. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. जी पद्धत धाराशिवमध्ये एका फेरीत फिकी पडली, ती इथे उपयोगी ठरली. वारंवारता हे त्याचे एक कारण असावे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये एचपीव्ही चाचणीला अग्रक्रम दिला आणि नमुना स्त्रीने स्वतः घेतला तरी चालेल, असे सांगितले. परक्यापुढे तपासून घेण्याचा संकोच त्यामुळे टळतो. दोष निघाला तर मात्र पुढच्या तपासणीसाठी आणि उपचारासाठी दवाखाना गाठावाच लागतो.